फ्रेंच आई, चिनी आई आणि घाबरलेले गिऱ्हाईक

८ जानेवारी २०११ रोजी अमेरिकेतील ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या दैनिकाने एक लेख छापला. चिनी आया श्रेष्ठ का असतात, अशा आशयाचे त्याचे शीर्षक होते आणि लेखिका होत्या येल विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापक एमी च्वा. मुलींनी मैत्रिणीकडे रात्री मुक्कामाला जायचे नाही, शाळेच्या नाटकात काम करायचे नाही, टीव्ही पाहायचा नाही, ‘ए’खेरीज दुसरी श्रेणी आणायची नाही आणि पियानो किंवा व्हायोलिन वाजवलेच पाहिजे, ही त्यांच्या घरची नियमावली त्या लेखात होती. त्यांच्या येऊ घातलेल्या पुस्तकातले ते उतारे होते. त्यावर अमेरिकेत मोठा गदारोळ उठला आणि पुस्तक हातोहात खपले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्याच दैनिकाने शीर्षकाचा साचा तोच ठेवून दुसरा लेख छापला. या खेपेस श्रेष्ठ ठरले होते फ्रेंच आईबाप. फ्रेंच मुले रेस्टॉरंटमध्ये शांत बसून जेवतात, तान्ही बाळे लवकरच रात्रभर झोपू लागतात आणि मूल झाले म्हणून फ्रेंच बाईला आपले आयुष्य संपल्यासारखे वाटत नाही, असे पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकी पत्रकार पामेला ड्रकरमन यांनी लिहिले होते. त्यानंतर पुस्तकांच्या दुकानांत डॅनिश आईबाप आले, जर्मन आले आणि अलीकडे मध्य अमेरिकेतले माया व उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोकही आले.

हे सगळे सल्ले एकमेकांशेजारी मांडून पाहिले तर त्यांचा मेळ बसत नाही. एकीचे म्हणणे असे की मूल रडले, चिडले तरी त्याला तासन्‌तास वाद्याशी बसवावे. दुसरीचे म्हणणे असे की त्याला एकटे सोडावे, थोडे थांबायला आणि थोडे कंटाळायलाही शिकवावे. तिसऱ्या ठिकाणी सांगितले जाते की कोणताही हेतू न ठेवता मनसोक्त खेळू द्यावे. एक खरे मानले तर दुसरे किमान अर्धे तरी खोटे ठरायला हवे. तरीही ही पुस्तके एकमेकांना मारक ठरली नाहीत आणि त्याच वाचकवर्गाने ती लागोपाठ विकत घेतली. मला यातच सगळे इंगित दिसते. येथे सल्ला हे वेष्टन आहे आणि आतला माल आहे तुलना. दुसऱ्या कुणाला तरी मूल नीट वाढवता येते आणि आपल्याला येत नाही, ही बोच.

याचा सर्वांत बोलका पुरावा च्वा यांच्याच पुस्तकाने पुरवला. ‘वाघीण आई’, म्हणजे मुलांना कडक शिस्तीत घडवणारी आई, या प्रतिमेवर अमेरिकेत गाजलेले हे पुस्तक त्याच वर्षी चिनी भाषेत निघाले, तेव्हा शीर्षकातून वाघीण गायब झाली होती. अमेरिकेत आई म्हणून जगतानाचे अनुभव, असा तिथल्या नावाचा साधारण रोख होता आणि लेखिका येलमधील प्राध्यापक आहे, हे ठळकपणे सांगितले होते. म्हणजे जो मजकूर अमेरिकी आईला ‘चिनी आया काय करतात ते पाहा’ असे सांगून विकला गेला, तोच चिनी आईला ‘अमेरिकेतील नामांकित विद्यापीठातली आई काय करते ते पाहा’ असे सांगून विकला गेला. आतली नियमावली तीच होती, फक्त घाबरवण्याची दिशा उलटी होती. चिनी प्रकाशकांना हा मार्ग नवा नव्हता. हार्वर्डमध्ये प्रवेश मिळवणाऱ्या ल्यू यितिंग या चेंग्दूच्या मुलीच्या आईवडिलांनी तिच्या संगोपनावर लिहिलेले पुस्तक २००० साली तिथे आले आणि अफाट खपले. सहनशक्ती वाढावी म्हणून लहानपणी तिच्या हातात बर्फ धरायला लावल्याचा त्यातला प्रसंग कितीतरी चिनी घरांत चर्चेचा, आणि काही घरांत अनुकरणाचाही, विषय झाला.

अमेरिकेत चिनी आईचे नाव नेमके २०११ मध्येच का चालले, हेही पाहण्यासारखे आहे. त्याआधी महिनाभर, डिसेंबर २०१० मध्ये, पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल लागले होते. त्यात पहिल्यांदाच उतरलेले शांघाय वाचन, गणित आणि विज्ञान या तिन्हींत पहिले आले होते. २००८ च्या आर्थिक पडझडीतून अमेरिका सावरत होती, कारखाने चीनला गेल्याची भावना घरोघरी होती. अशा वेळी ‘चिनी आई’ हे शब्द वाचणाऱ्याला आपल्या मुलाची नोकरी दिसत होती, पियानो नव्हे. ते शीर्षक आपण दिलेले नव्हते, असे च्वा यांनी नंतर सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘चिनी आई’ हा शब्द आपण सैलपणे वापरत आहोत आणि कोरियन, भारतीय, जमैकन, आयरिश, घानियन आईबापही त्यात बसू शकतात, अशी कबुली त्यांनी मजकुरातच देऊन ठेवली होती. ती वाक्ये छापली गेली, पण खप वाढवण्याचे काम शीर्षकाने केले. पाच देशांचे आईबाप ज्यात मावतात त्या गोष्टीला चिनी म्हणण्याचे कारण बाजाराखेरीज दुसरे कोणते असू शकते?

पुढे संशोधकांनी या दाव्याची तपासणी केली. टेक्सास विद्यापीठातील सु यंग किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४४ चिनी-अमेरिकी कुटुंबांचा आठ वर्षे पाठपुरावा करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या कुटुंबांत सर्वाधिक आढळणारी पद्धत वाघिणीची नव्हती. प्रेमळ, मुलाला आधार देणारे आईबाप संख्येने जास्त होते. वाघीण पद्धतीच्या घरांतील मुलांचे गुण अशा आधार देणाऱ्या घरांतील मुलांपेक्षा कमी होते आणि त्यांच्यात नैराश्याची लक्षणे अधिक होती. मग अमेरिकेतील आशियाई मुले पुढे का दिसतात? १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर अमेरिकेने शिकलेल्या, व्यवसायकुशल लोकांना प्राधान्याने आत घेतले. चीन, तैवान किंवा भारतातून तिथे गेलेली माणसे त्या देशांतील सरासरी माणसे नव्हती, मुळातच चाळणीतून गेलेली होती. जेनिफर ली आणि मिन झू या समाजशास्त्रज्ञांनी हे सविस्तर मांडले आहे. न्यू जर्सीतल्या मराठी मुलाचे यश हे ‘आपल्या संस्कारांचे’ यश आहे, असे दिवाळी अंकांतून अधूनमधून लिहिले जाते, तेव्हा त्या मुलाचे आईवडील व्हिसाच्या रांगेत उभे राहण्याआधी अभियांत्रिकीच्या किती चाळण्यांतून गेले होते, हे कुणी विचारत नाही.

फ्रेंच आईची गोष्ट मला याहून उद्बोधक वाटते. ड्रकरमन प्रामाणिक निरीक्षक आहेत. फ्रान्समधल्या पाळणाघरांविषयी त्यांनी आत्मीयतेने लिहिले आहे. तिथे सरकारी आणि नगरपालिकेची पाळणाघरे आहेत, त्यांचे शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. माता आणि बालकांसाठी सार्वजनिक आरोग्यकेंद्रे आहेत. तीन वर्षांचे झाले की मूल सरकारी बालशाळेत जाते, ती मोफत असते आणि दुपारी तिथल्या भोजनगृहात टेबलाशी बसून सगळ्यांसोबत जेवणे हा रोजचा परिपाठ असतो. पाळणाघरातील जागा तिथेही सगळ्यांना पुरत नाहीत, हे खरे. पण रेस्टॉरंटमध्ये शांत बसणारे ते मूल घरी येण्याआधी कितीतरी दुपारी इतरांबरोबर शांत बसून जेवलेले असते. त्याची आई जी ‘निवांत’ दिसते, तिला सोळा आठवड्यांची भरपगारी म्हणता येईल अशी रजा मिळालेली असते आणि कामावर परतताना मूल कुठे ठेवायचे हा प्रश्न तिने एकटीने सोडवलेला नसतो. अमेरिकेत मात्र १९९३ च्या केंद्रीय कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा, आणि तीही सर्वांना नाही. या दोन बायकांमधला फरक धीराचा आणि स्वभावाचा आहे असे सांगणे म्हणजे एकीच्या पायाखालची जमीन झाकून ठेवून दुसरीला तिच्याएवढे उंच व्हायला सांगणे होय.

जमीन झाकण्याचे कारण सरळ आहे. नगरपालिकेचे पाळणाघर एका कुटुंबाला विकता येत नाही. भरपगारी रजा पुस्तकात घालून देता येत नाही, कार्यशाळेत शिकवता येत नाही. त्यासाठी मते द्यावी लागतात, संघटना लागतात, कर लागतात. विकता येतो तो आईचा सूर: ‘नाही’ कसे म्हणावे, रात्री बाळ रडले तर किती मिनिटे थांबावे, ताटात भाजी कशी वाढावी. त्यामुळे परदेशातून येणाऱ्या प्रत्येक संगोपनपद्धतीतून संस्था गळून पडतात आणि आईची वागणूक तेवढी शिल्लक राहते. पुढे ती वागणूक आपल्या घरी जमली नाही की दोष आपोआप आईच्या पदरात पडतो. या व्यवहारात बाप फारसा येत नाही, हेही लक्षात घ्यावे. ‘चिनी बाप’ किंवा ‘फ्रेंच बाप’ यांच्या श्रेष्ठत्वाची मोहीम निघाल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडे ही तुलना दोन्ही बाजूंनी चालते. एकीकडे फिनलंड. २००० सालच्या पहिल्या ‘पिसा’ चाचणीत वाचनात अव्वल आल्यापासून त्या देशाचे नाव शिक्षणाच्या बाजारात नाण्यासारखे वाजते आणि पुण्या-मुंबईत त्याच्या पद्धतीने चालणाऱ्या शाळांच्या जाहिराती दिसतात. पुण्यातील अशाच एका पूर्वप्राथमिक शाळेच्या पालकसभेत बसण्याचा योग आला होता. पडद्यावर आधी बर्फात खेळणारी, लाल टोप्या घातलेली मुले दिसली. मग मेंदूचे एक रंगीत चित्र आले आणि पहिल्या सहा वर्षांत मेंदूची नव्वद टक्के वाढ होते, हे वाक्य. वाक्यातला आकडा साधारण बरोबर आहे. फक्त तो मेंदूच्या आकारमानाचा आहे, शिकण्याच्या क्षमतेचा नाही, हे कुणी सांगितले नाही. समुपदेशक मॅडम अतिशय मृदू आवाजात म्हणाल्या, “निर्णय अर्थात तुमचाच आहे सर, फक्त ही वर्षं परत येत नाहीत.” मागच्या रांगेतल्या एका वडिलांनी विचारले की फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते ना, मग अडीच वर्षांच्या मुलाला आत्ताच कशाला घालायचे? “तिकडची परिस्थिती वेगळी आहे,” असे उत्तर मिळाले आणि पुढची स्लाइड आली. ती शुल्काची होती.

त्या उत्तराइतके खरे वाक्य त्या सभेत दुसरे कुणी बोलले नाही. तिकडची परिस्थिती खरोखरच वेगळी आहे. फिनलंडमध्ये मूलभूत शिक्षणासाठी शाळेला पालकांकडून शुल्क घेता येत नाही. दुपारचे जेवण तिथे १९४८ पासून सर्व मुलांना मोफत मिळते. शाळेतल्या शिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते. आणि डॉक्टरचे मूल व बसचालकाचे मूल बहुधा घराजवळच्या त्याच शाळेत जाते. या चार गोष्टी वगळल्या की फिनलंडच्या पद्धतीत उरतात त्या लाकडी खेळणी आणि भिंतींचे फिकट रंग. लाखभर रुपये शुल्क घेऊन निवडक घरांतल्या मुलांसाठी चालवलेली शाळा अनेक बाबतींत चांगली असू शकेल, पण ती फिनलंडच्या नेमकी विरुद्ध टोकाला उभी आहे.

दुसरीकडे आहे ‘आपली संस्कृती’. पाश्चात्त्य संगोपनाने मुले बिघडली आणि उपाय आपल्याच परंपरेत होता, असे सांगणारा गर्भसंस्काराचा मराठी बाजार पुस्तके, ध्वनिफिती, वर्ग आणि आता ॲप अशा सर्व रूपांत भरभराटीला आहे. गरोदर बाईने प्रसन्न राहावे, चांगले ऐकावे, सकस खावे, याबद्दल कुणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही. आपल्या आज्या हेच फुकट सांगत. पण वर्ग भरतात ते तेजस्वी, बुद्धिमान, ‘हवे तसे’ अपत्य घडवण्याच्या आशेवर, आणि दाखला दिला जातो अभिमन्यूचा. गंमत म्हणजे घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या त्या कथेत चक्रव्यूहातून बाहेर पडण्याचा भाग अभिमन्यूला कळला नाही, कारण ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली. रणात अनेक महारथींनी मिळून मुलाला मारले, तरी ठपका शेवटी आईच्या डुलकीवर. ही कथा विक्रीसाठी इतकी सोयीची का ठरते, हे वेगळे सांगायला नको.

फिनलंड आणि अभिमन्यू यांची गिऱ्हाइके वेगळी असतील असे वाटत असेल तर तसे नाही. गर्भसंस्काराच्या वर्गाला जाणारे जोडपेच अडीच वर्षांनी लाल टोप्यांच्या स्लाइडसमोर येऊन बसते, मध्ये कुठेतरी अबॅकसची चौकशी करून येते आणि बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ चाचणीचे पैसेही भरते, जिला शास्त्रीय आधार नसल्याचे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केले आहे. त्यांना मूर्ख ठरवण्याची घाई करू नये. त्यांची भीती निराधार नाही. २०२४ मध्ये ‘नीट’ परीक्षेला तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा लाखाच्या आसपास होत्या, त्यातल्याही निम्म्याच सरकारी. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोघेही नोकरी करणारे आईबाप मूल वाढवतात, तेव्हा रात्री दोन वाजता ताप आला तर विचारायला कुणी मोठे माणूस घरात नसते. सल्ल्याची गरज खरी आहे, टंचाईही खरी आहे. बाजाराने एवढेच केले की जागांच्या टंचाईचे रूपांतर आईच्या उणिवेत केले, कारण जागा वाढवणे त्याच्या हातात नाही आणि त्यात त्याला नफाही नाही. चीनमध्ये हे टोकाला गेले. ‘सुरुवातीच्या रेषेवरच मुलाला हरू देऊ नका’ ही तिथल्या खासगी शिकवण्यांची घोषणा, आणि त्याही पुढे जाऊन, तुम्ही आलात तर तुमच्या मुलाला शिकवू, नाही आलात तर त्याच्या प्रतिस्पर्ध्याला शिकवू, अशी उघड धमकी जाहिरातीत होती. २०२१ च्या सुरुवातीला चार कंपन्यांच्या जाहिरातींत एकच बाई कुठे गणिताची तर कुठे इंग्रजीची अनुभवी शिक्षिका म्हणून वावरत असल्याचे उघड झाले, आणि त्याच वर्षी जुलैत सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर जवळपास बंदी आणली. आपल्याकडे २०२० मध्ये मुलांना ऑनलाइन कोडिंग शिकवणाऱ्या ‘व्हाइटहॅट ज्युनियर’च्या जाहिरातींत कोट्यवधींची नोकरी मिळवणारा वुल्फ गुप्ता नावाचा मुलगा झळकला होता. तो अस्तित्वातच नव्हता.

यावर असा आक्षेप येईल की मग परक्या समाजांकडून काही शिकायचेच नाही का? शिकायचे, आणि त्याची फार चांगली उदाहरणे आहेत. १९५० च्या दशकात बिअट्रिस आणि जॉन व्हाइटिंग या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याच्या पुढाकाराने सहा समाजांतील मुलांच्या संगोपनाचा अभ्यास झाला. त्यात केनियातील न्यान्सोंगो होते, ओकिनावातील ताइरा होते, अमेरिकेतील एक गाव होते आणि भारतातील खालापूर होते (रायगडचे नव्हे, उत्तर प्रदेशातले). कोणती आई श्रेष्ठ, हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारला नाही. आईवर कामाचा भार किती आहे, घरात हाताशी कोण आहे, मुलांना कोणती कामे सोपवली जातात, हे त्यांनी पाहिले आणि मुलांच्या वागण्यातला बराचसा फरक तिथून उलगडला. शेतात राबणाऱ्या आयांची मुले धाकट्या भावंडांना सांभाळत होती आणि इतरांना मदत करण्यात पुढे होती. अशी तुलना वाचकाला घाबरवत नाही. आपण ज्याला निसर्गनियम समजतो ती केवळ आपल्या घराची व्यवस्था आहे, एवढे ती दाखवते.

आणि आपल्या डोळ्यांसमोर ताराबाई मोडक आहेत. मॉन्टेसरींचे विचार इटलीचे. ते गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला आत्मसात करून ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र उभे केले, आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम केले. महागडी साधने परवडणार नाहीत म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांतून साधने झाली. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. जनावरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. परदेशातून आलेला विचार इथल्या माणसांच्या परिस्थितीत कसा रुजवायचा, याचे यापेक्षा पक्के उदाहरण मला माहीत नाही. संस्था आधी आली, आणि इटालियन आया तुमच्यापेक्षा चांगल्या आहेत, असे वारली आईला ऐकवण्याची गरज कधी पडली नाही.

कायद्याचा उपयोग येथे मर्यादित आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे खोटा दावा पकडू शकतात. ‘व्हाइटहॅट ज्युनियर’च्या काही जाहिराती तर २०२० मध्ये जाहिरात उद्योगाच्याच स्वनियमन संस्थेने मागे घ्यायला लावल्या. पण ‘ही वर्षे परत येत नाहीत’ या वाक्यात दावाच नाही, ते अक्षरशः खरे आहे. तुलनेच्या भीतीला तक्रारनिवारण मंच पुरे पडणार नाहीत. तिथे जबाबदारी येते ती मजकूर निवडणाऱ्यांवर, म्हणजे प्रकाशकांवर आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांवर. पालकत्वाच्या पानावर शाळेची जाहिरात आणि त्याच शाळेच्या संचालकांचा लेख शेजारी छापताना, दोन्हींचे पैसे एकाच खिशातून आले आहेत का, हे वाचकाला सांगण्यात संपादकाचे काय बिघडते? आणि परदेशी आईचे कौतुक छापायचेच असेल तर तिला किती रजा मिळाली, पाळणाघराचे बिल कुणी भरले आणि शाळेला शुल्क किती, या तीन गोष्टी त्याच लेखात असाव्यात, ही अपेक्षा अवाजवी नाही.

फ्रेंच आईच्या निवांतपणाचा आपल्याकडचा खरा प्रतिशब्द २०१७ मध्येच कायद्याच्या पुस्तकात आलेला आहे. त्या वर्षी मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा ठरली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभाही मिळाली. घरकामाला, शेतावर किंवा बांधकामावर जाणाऱ्या बहुसंख्य बायका या रजेच्या बाहेरच राहिल्या, ही त्यातली मोठी उणीव. पण ज्यांना कायदा लागू आहे त्यांचे काय? हिंजवडीतील, बांद्रा-कुर्ला संकुलातील, चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील कोणकोणत्या आस्थापनांत असे पाळणाघर प्रत्यक्ष चालू आहे आणि किती ठिकाणी ते फक्त कागदावर आहे, याची नावानिशी यादी एखाद्या पुरवणीने छापावी. पॅरिसमधल्या जेवणाच्या टेबलाविषयी अर्धे पान देणाऱ्या संपादकांना तेवढी जागा काढणे कठीण जाऊ नये. अडचण आली तर ती मागच्या पानावरच्या जाहिरातदारांकडून येईल.